तिला जाग आली नाही

माझ्या सासूबाईंशी मी आजही बोलत नाही. हे आधीच सांगून टाकते. पुढं कुठं तरी आम्ही दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो असं वाचायला मिळेल, अशी आशा कुणी धरू नये.

लग्न होऊन मी अमरावतीहून अकोल्याला गेले, जठारपेठेतल्या एका वकिलाच्या घरी. सासरे फौजदारी वकील, नवरा त्यांच्याच हाताखाली वकिली करणारा. सासूबाई अंजनगाव सुर्जीकडच्या, भरपूर शेती असलेल्या मोठ्या घरातल्या. घरात बोलायचं ते त्यांनी, शेवटचा शब्द सासऱ्यांचा, आणि नवरा दोघांच्या मधून अंग चोरून चालायचा. माझे वडील शाळेत शिक्षक होते. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलेलं. 'शिकलेली सून' असं ते लोक पाहुण्यांना सांगत, पण त्या शिकलेलीनं तोंड उघडलेलं त्यांना चालत नसे.

मुलगी अमरावतीला माझ्या माहेरी झाली. तिच्या डोक्यावर दोन भोवरे होते. उजेडात आणलं की शिंकायची. आधी फिरत्या पंख्याकडे बघून हसायची, मग माणसांकडे बघून हसायला लागली. तिसरा महिना सरला तेव्हा सासरे गाडी घेऊन आले आणि आम्हा दोघींना अकोल्याला घेऊन गेले.

दवाखान्यातून निघताना नर्सनं मला बजावलं होतं की बाळाला झोपवायचं ते पाठीवर, उताणं. मी सासूबाईंना तसं सांगितलं.

"उताणं निजवलं का डोकं चप्पट होते," त्या म्हणाल्या. "अन् गॅस धरते पोटात. म्या चार लेकरं वाढवले. तुया नर्सनं किती वाढवले, इचार तिले."

मी पुन्हा म्हटलं की डॉक्टरही तेच सांगतात. त्यांनी माझ्या हातातून मुलगी घेतली, पोटावर टाकली आणि पाठ थोपटायला लागल्या. मुलगी लगेच झोपली. "पाय," त्या म्हणाल्या, "लेकराले समजते, तुले समजत नाही."

त्यानंतर हा रोजचा खेळ झाला. मी उताणी करायची, त्या पालथी करायच्या.

जानेवारीची दुपार होती. मुलीला तेल लावून, न्हाऊ घालून, शेगडीवर ओवा टाकून धुरी दिली होती. मी तिला पाजलं. सासूबाईंनी तिला माझ्याकडून घेतलं, नव्या कापसानं भरलेल्या मऊ गादीवर माझ्या बाजूला पालथं झोपवलं आणि वरून दुलई घातली. "तू बी झोप आता," म्हणाल्या. मला रात्रभर झोप नव्हती. त्या दिवशी मी वाद घातला नाही, भिंतीकडे तोंड करून झोपले.

जाग आली तेव्हा स्वयंपाकघरात भांडी वाजत होती. मुलगी माझ्यापासून हातभर लांब होती, ठेवली तशीच. मला तिच्या डोक्याचे दोन भोवरे दिसले. बराच वेळ झाला, पाजायला हवं, म्हणून मी तिच्या पाठीवर हात ठेवला. पाठ वर-खाली होत नव्हती. मी तिला उलटं केलं. तिचा चेहरा जिथं गादीत रुतला होता तिथं पांढरा पडला होता आणि बाकी सगळा जांभळा.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. मी तिच्या तोंडात फुंकर घालत होते. नवरा जिन्यावरून पळत आला. सासऱ्यांनी गाडी काढली. मागच्या सीटवर ती माझ्या मांडीवर होती, आणि शेजारी बसलेल्या सासूबाई, अजून डॉक्टरनं हात लावला नव्हता, तेव्हा म्हणाल्या, "अंगाखाली आली असंन. झोपली होती ना मस्त."

हे वाक्य त्या रडत रडत बोलल्या. त्यांना दुःख झालं होतं, हे मी नाकारत नाही. पण त्या दुःखात त्यांना पहिल्यांदा सुचलं ते हे.

बालरोगतज्ज्ञांनी तपासलं आणि मान हलवली. बाहेरून काही कारण दिसत नाही, आता शवविच्छेदन करावं लागेल, असं ते म्हणाले. सासरे लगेच फोन लावायला लागले. ओळखी होत्या त्यांच्या. "तीन महिन्यांच्या लेकराची चिरफाड? काही गरज नाही," ते म्हणाले. "मी बोलतो वर. संध्याकाळच्या आत माती देऊ."

"करा चिरफाड," मी म्हटलं.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. सासरे हळू आवाजात म्हणाले, "तू शुद्धीवर नाहीस."

"आहे. तुमच्या बायकोनं गाडीत मला खुनी ठरवलं. कोर्टात तुम्ही पुरावा मागता ना? मग इथं पण मागा."

"कोणी खुनी म्हटलं नाही तुला."

"अंगाखाली आली म्हणाल्या. त्याला दुसरं काय म्हणतात?"

सासूबाई भिंतीला टेकून खाली बसल्या आणि मोठ्यानं रडू लागल्या. दवाखान्यातले लोक जमले. त्या सगळ्यांच्या नजरेत मी त्या दिवशीच वाईट ठरले. पोरगी मेलेली असताना सासूशी भांडणारी बाई. डॉक्टरांनीही माघार घेतली नाही. मृतदेह शवविच्छेदनाला गेला.

तिथं एक डॉक्टर भेटली. पन्नाशीच्या आतबाहेरची बाई, केस बारीक कापलेले, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. शवविच्छेदनाच्या विभागात काम करत होती आणि शिकवतही होती. तिनं मला आणि नवऱ्याला आतल्या खोलीत बोलावलं, बसायला सांगितलं नाही, सरळ बोलायला लागली.

"बाहेरून बघितलं मी. मार नाही, दाबल्याची खूण नाही. आतही काही मिळेल असं मला वाटत नाही. अशा बाळांमध्ये बहुतेक वेळा मिळत नाही."

"अशा म्हणजे कशा?"

"चांगलं खातंपितं बाळ झोपतं आणि उठत नाही. जगभर होतं. आपल्याकडे कोणी नीट बघत नाही, पुरून मोकळे होतात." मग म्हणाली, "मला तिचा मेंदू ठेवून घ्यायचा आहे. खालचा भाग, जिथून श्वास चालतो."

मी काय ओरडले ते शब्द मला इथं लिहायचे नाहीत. तिच्या टेबलावरचा स्टीलचा ग्लास मी भिंतीवर मारला एवढं आठवतं. ती हलली नाही. ग्लास उचलून तिनं पुन्हा टेबलावर ठेवला.

"तुमच्या मुलीसाठी माझ्याकडे काही नाही," ती म्हणाली. "मी खोटं बोलणार नाही. पुढच्या कोणाच्या मुलासाठी असेल, कदाचित."

"पुढच्या कोणाच्या मुलाचं मला काय करायचंय?"

"काही नाही. पण ती का गेली ते कळण्याची एवढी एकच वाट आहे. आज नाही कळणार. वर्ष जाईल, दोन वर्षं जातील."

ती मला अजिबात आवडली नाही. आजही फारशी आवडत नाही. पण त्या दिवशी 'देवाची मर्जी' हे शब्द न उच्चारणारी ती एकटीच होती. मी नवऱ्याकडे बघितलं. तो खिडकीबाहेर बघत होता. मला वाटलं तो नाही म्हणेल, आणि मी त्याच्याशीही भांडेन. तो म्हणाला, "ठेवा. बाबांना सांगू नका."

डॉक्टरनं दोनदा विचारून खात्री करून घेतली. दोन्ही वेळा तो हो म्हणाला.

मुलीला पांढऱ्या कापडात बांधून आमच्या हातात दिलं. दफनाला बायकांनी जायचं नसतं, म्हणून घरीच निरोप झाला. सासूबाईंनी तोंड बघायला कापड सरकवलं, तेव्हा त्यांना डोक्यावरचे टाके दिसले.

"हे काय हाय? डोकं काहून उघडलं?"

मी सांगितलं. मेंदूचा भाग अभ्यासासाठी ठेवला आहे, म्हटलं.

खोलीत शेजारच्या चार-पाच बायका होत्या. सासूबाईंचा आवाज चढला. "अर्धी पोरगी दवाखान्यात ठेवून आली? बरणीत घालाले? माय हायेस का कोण हायेस तू?" त्या नवऱ्याकडे वळल्या. "तुले माईत होतं?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. मग जमिनीकडे. आणि म्हणाला, "हिनं ठरवलं."

त्या घरात मला खूप जणांनी खूप काही ऐकवलं. पण त्यातलं दुसरं काहीही मला इतकं आरपार गेलं नाही. मी त्याला तिथं सगळ्यांसमोर खोटं पाडू शकले असते. पण मुलगी समोर होती, तिला न्यायला माणसं दारात उभी होती.

शवविच्छेदनात खरंच काही निघालं नाही. फुप्फुसं स्वच्छ, हृदय नीट, जंतुसंसर्ग नाही, मार नाही. मृत्यूचं कारण सापडलं नाही, असं सांगण्यात आलं. मला वाटलं होतं, निदान माझ्यावरचा आळ तरी जाईल. झालं उलटंच. "सापडलं नाही म्हणजे?" सासूबाई म्हणाल्या. "मेली तर कशानं तरी मेलीच ना. उशी दाबली तरी काही सापडत नाही म्हंतेत." अंगाखालून आता उशीपर्यंत गोष्ट गेली होती. सासरे वकील होते, पुराव्यावाचून बोलणं म्हणजे काय हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. ते पेपर वाचत राहिले.

गल्लीत बातमी पसरली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जाण्याचा प्रश्नच नव्हता, पण भाजी आणायला तरी बाहेर पडावंच लागे. समोरच्या घरातल्या बाईचं रांगतं बाळ ओट्यावर असायचं. मी फाटकातून बाहेर आले की ती बाई त्याला उचलून आत घेऊन जायची. एकदा मी तिला थांबवून विचारलं, "खाणार आहे का मी त्याला?" तिनं दार लावून घेतलं.

महिनाभरानं मी वडिलांना बोलावलं आणि अमरावतीला गेले. थोडे दिवस म्हणून गेले, परत गेले नाही. माझी आई म्हणायची, जाऊ दे, काळ जाऊ दे. वडिलांनी त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन करून नांदगाव पेठच्या एमआयडीसीतल्या एका कापड कारखान्यात माझ्या नोकरीची सोय केली. प्रयोगशाळेत रंगांची तपासणी. कापडाचा तुकडा धुवायचा, घासायचा, घामाच्या पाण्यात भिजवायचा, आणि रंग किती टिकला ते बघायचं. काम मला आवडलं. तिथं कुणी मला विचारत नसे की मुलं किती.

मधल्या काळात सासरे त्या डॉक्टरकडे जाऊन धडकले. 'माझ्या नातीचा अवयव परवानगीशिवाय ठेवला, परत द्या, नाही तर बघून घेतो', असा त्यांचा सूर. डॉक्टरनं त्यांना ऐकवलं, "परवानगी तुमच्या मुलानं दिली. दोनदा विचारलं मी. घरी जाऊन त्याला विचारा." सासरे तसेच परत आले. रात्री नवऱ्याचा मला फोन आला. मला वाटलं, तो माफी मागेल.

"तू सांगितलंस ना त्या बाईला माझं नाव घ्यायला?" तो म्हणाला.

मी फोन ठेवून दिला. घटस्फोटाचं त्यानंतर माझ्याच बाजूनं निघालं. परस्परसंमतीनं झालं. वकिलांच्या घरात ते एक काम तरी सुरळीत पार पडलं.

दीडएक वर्षानं डॉक्टरचा फोन आला. "काही तरी दिसतंय. येता का?" एवढंच म्हणाली. मी रजा टाकली आणि बसनं अकोल्याला गेले.

तिची खोली तशीच होती. मी आत गेल्या गेल्या विचारलं, "कुठं आहे ती?" तिनं कपाटाकडे बोट दाखवलं, मग टेबलावर काचेच्या पट्ट्यांचा एक खोका उघडला. मुलीच्या मेंदूच्या देठाचे, पेशी दिसाव्यात म्हणून रंगवलेले, कागदाहून पातळ काप त्या पट्ट्यांवर होते. तिनं एक पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि म्हणाली, "रंग फार सुंदर घेतलाय."

मी तिच्याकडे बघत राहिले. आपण काय बोलून गेलो, हे तिच्या लक्षातही आलं नाही. ती पुढं सांगत होती. झोपेत बाळाचं नाकतोंड गादीत रुतलं की ते आपणच सोडलेली हवा पुन्हा आत घेत राहतं. प्राणवायू कमी पडतो, वाईट वायू वाढतो. मेंदूच्या या भागातल्या काही पेशींना ते कळतं आणि त्या बाळाला उठवतात. बाळ धाप टाकतं, मान फिरवतं, रडतं. काही बाळांमध्ये त्या पेशींचं काम कच्चं राहिलेलं असतं, त्यांच्यातलं सेरोटोनिन नावाचं रसायन हवं तसं चालत नाही. परदेशात बऱ्याच बाळांमध्ये असं दिसलं आहे. "तुमच्या मुलीतही पेशी वेगळ्या दिसतात," ती म्हणाली. "पण हेच कारण, असं मी छातीठोक सांगणार नाही. माझ्याकडे फार थोडी बाळं आहेत."

"म्हणजे तिचा जीव गुदमरत होता आणि तिला जाग आली नाही."

"बहुतेक. तिला त्रास कळलाही नसेल."

"मी शेजारी होते."

"आवाज झालाच नसेल. तुम्ही जाग्या असता तरी कदाचित कळलं नसतं."

मग मी जो प्रश्न विचारायला आले होते तो विचारला. "तिला उताणं झोपवलं असतं तर?"

ती पहिल्यांदा अडखळली. "धोका बराच कमी झाला असता. आणखी काही महिने निघाले असते तर त्या पेशी पिकल्या असत्या, कदाचित. ती वाचली असती का, ते मी सांगू शकत नाही. नसतीच, असंही सांगू शकत नाही."

मला एवढं पुरेसं होतं. मी तिथून रिक्षा केली ती थेट जठारपेठेत.

जाताना माझ्या मनात दया नव्हती, समजावून सांगायचंही नव्हतं. मला सासूबाईंच्या तोंडावर ते फेकायचं होतं. तुमच्या हातांनी पालथी झालेली माझी मुलगी तशीच मेली, एवढं बोलून परत फिरायचं. रिक्षात मी वाक्यं जुळवत होते.

दार उघडंच होतं. आत नणंद होती. तिचं बाळंतपण होऊन महिना-दीड महिना झाला होता, मला माहीत नव्हतं. ती पलंगावर बसून जेवत होती. शेजारी तीच कापसाची गादी, आणि तिच्यावर दुलईत गुंडाळलेलं बाळ. पालथं.

माझी सगळी वाक्यं गेली. मी चप्पल घालूनच आत गेले, दुलई ओढली आणि बाळाला उताणं केलं. ते दचकून रडायला लागलं. इतकं मोठ्यानं रडलं की मला हायसं वाटलं.

सासूबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. "हात नको लावू! माया नातवाले हात नको लावू! एक खाल्लं ते पुरलं नाही का तुले?"

नणंद ताट हातात धरून बसली होती. मी तिच्याकडे बघून बोलले, सासूबाईंकडे नाही. "माझ्या मुलीच्या मेंदूत ती जागा कच्ची होती. तोंड गादीत रुतलं, तिला जाग आली नाही. मी आत्ता डॉक्टरकडून येतेय. तुझ्या मुलाचं काय आहे ते कुणालाच माहीत नाही. त्याला उताणं झोपव. ही गादी काढ, सतरंजीवर घाल."

"कोण बोललं? ते बरणीवाली?" सासूबाई म्हणाल्या. "म्हंजे म्या मारली का तुयी पोरगी?"

"पालथी तुम्ही झोपवली होती."

क्षणभर मला वाटलं, आता त्यांना कळलं. पण मग त्या सावरल्या. "डोक्यातच खोट होती ना तिच्या? तूच म्हंतेस ना आता? मंग थे तुयाच कडून आली. आमच्या खानदानात असं लेकरू झालं नाही."

अंगाखालून उशी, उशीवरून आता माझं रक्त. त्या बाईला हरवणं शक्य नव्हतं. मी नणंदेकडे बघितलं. तिनं ताट खाली ठेवलं, मुलाला छातीशी घेतलं आणि मला म्हणाली, "वहिनी, तू जाय आता." आवाजात काही प्रेम नव्हतं. मी निघाले. फाटकापर्यंत सासूबाईंचा आवाज ऐकू येत होता.

डॉक्टरनं नंतर एकदा विचारलं, गरोदर बायकांच्या कार्यक्रमात येऊन बोलाल का. मी नाही म्हटलं. स्टेजवर बसून शाल घेण्यासाठी माझी मुलगी गेली नाही. पुढच्या अभ्यासासाठी ते काप ठेवू का, असंही तिनं विचारलं. ठेवा म्हटलं.

नणंदेचा साधारण वर्षभरानं फोन आला. मुलगा चालायला लागला, म्हणाली. मी बरं म्हटलं. मग ती म्हणाली, "गादी म्या त्याच दिवशी काढली होती. आईशी लय भांडण झालं त्याच्यावरून." एवढं बोलून तिनं फोन ठेवला. त्यानंतर तिनं फोन केला नाही, मीही केला नाही.

कारखान्यात कुणी बाई बाळंतपणाच्या रजेवर निघाली की मी तिला कँटीनमध्ये गाठते. गोड बोलणं मला जमत नाही. बाळ उताणं झोपव, गादी कडक ठेव, उशी नको, आजूबाजूला कपड्यांचे ढीग नकोत, सासू ऐकत नसेल तर भांड, असं सरळ सांगते. बऱ्याच जणींना ते अशुभ वाटतं. एकीनं माझी तक्रारही केली होती, की बाई पोटुशीसमोर मेलेल्या लेकरांच्या गोष्टी काढते. मॅनेजरनं बोलावून समजावलं. मी ऐकून घेतलं आणि पुढच्या बाईला पुन्हा तेच सांगितलं.

गेल्या महिन्यात रंगखात्यातल्या एका मुलीनं मला फोनवर फोटो पाठवला. खाली एक अक्षर लिहिलं नव्हतं. बाळ सतरंजीवर उताणं झोपलं होतं, दोन्ही हात कानाशी, तोंड किंचित उघडं. मी फोटो मोठा करून नीट बघितला आणि तिला लिहिलं, "पांघरूण जाड आहे. काढ."